टॅक्स कोडमधले घर

इंग्लंडमध्ये पगारदार माणसाला नावाखेरीज आणखी एक ओळख मिळते, ती म्हणजे टॅक्स कोड. काही आकडे आणि त्यांच्यामागे एक अक्षर. साठीचे दशक संपता संपता मी लग्न करून मँचेस्टरला आले, तेव्हा अक्षरही नव्हते, नुसतेच आकडे होते. पगाराच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात छापलेला हा कोड बहुतेक लोक वाचतही नाहीत. मी रसायनशास्त्राची. एखादा आकडा कुठून आला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

तो येतो असा. वर्षाकाठी जेवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही, ती रक्कम घ्यायची. नोकरीबरोबर पगाराव्यतिरिक्त जे फुकट मिळते, घर, मोटार वगैरे, त्याची किंमत तीतून वजा करायची. उरलेल्या रकमेचा शेवटचा आकडा खोडला की कोड तयार. मागचे अक्षर विवाहित पुरुषाला एक आणि बाकीच्यांना दुसरे. म्हणजे कंपनीने जितके जास्त दिले तितका कोड लहान आणि कर मोठा. इतके सरळ गणित. या गणितात माझी आई कशी सापडली ते मला लिहून ठेवायचे आहे, कारण ते पाहिलेली माणसे आता दोनच उरली आहेत, आणि आम्ही दोघे त्याविषयी बोलत नाही.

आई पुण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. मी एकुलती. वडील गेल्यावर ती पुतण्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर राहू लागली. एका सुट्टीत आम्ही गेलो असताना माझ्या नवऱ्याने, तो डॉक्टर, गप्पांच्या ओघात तिच्या छातीला स्टेथास्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. औषधावर लक्ष ठेवले, जिने टाळले, तर वर्षे निघतील, असे तो म्हणाला. मी त्याच संध्याकाळी ठरवले की आईने आमच्याकडे येऊन राहायचे. ठरवलेली गोष्ट न होण्याची मला फारशी सवय नव्हती.

अडचण आईच्या नियमाची होती. लेकीच्या घरी राहायचे नाही, तिच्या घरचे खायचे नाही. नातवंड झाले की या नियमातून सूट मिळते. आमच्या बाबतीत ती सूट लागू होण्याची शक्यता डॉक्टरांनी केव्हाच मोडीत काढली होती. भूमिती शिकवणारी बाई असा नियम पाळते याचा मला लहानपणापासून अचंबा वाटे. कारण मला खूप उशिरा कळले. माझ्या आजीला, आईच्या आईला, वैधव्यानंतर थोरल्या जावयाच्या घरी दिवस काढावे लागले होते, आणि तिचे ताट वाढताना त्या घरात काय काय बोलले जाई, ते आईने दाराआडून ऐकले होते.

तेव्हा आम्ही इस्पितळाच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या खोल्या नवऱ्याला नोकरीबरोबर मिळालेल्या. त्याने आईला आपणहून पत्र लिहिले. उत्तर आले, "जावईबापूंच्या बिऱ्हाडात मी कशी राहू? तुम्ही बोलावलंत यातच सगळं आलं."

मी ज्या कंपनीत संशोधक आहे ती काचेची भांडी आणि नळ्या बनवते. माझे काम भट्टीवरचे. काचेचा एखादा नवा मेळ साधायचा तर भट्टी आठवडाभर दिवसरात्र एकाच तापमानावर ठेवावी लागते, आणि कुणीतरी केव्हाही धावत पोहोचेल इतक्या जवळ राहावे लागते. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला ती भट्टी माझ्या हाती आली आणि तिच्याबरोबर कारखान्यामागचे एक घर. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे हातभर बाग, भाडे शून्य. हे घर आजवर पुरुषांनाच मिळत आले होते. कर्मचारी विभागातल्या गृहस्थांनी किल्ली देताना विचारले, "तुमच्या मिस्टरांची हरकत नाही ना?" मी म्हटले, "त्यांना भट्टी लागत असेल तर विचारून सांगते."

ही हकीगत मी आईला कळवली. तिच्या उत्तरात मला अजिबात अपेक्षित नसलेले वाक्य होते. "घर कंपनीचं असेल तर यायला माझी ना नाही. कंपनी ही कुणाची लेक नाही आणि कुणाचा जावईही नाही."

सूट तिनेच शोधून काढली होती. मी दोन वर्षे युक्तिवाद करून हरले होते, आणि तिने एका ओळीत वाट काढली. भविष्यनिर्वाह निधीतले स्वतःचे पैसे मोडून तिने जाण्यायेण्याचे तिकीट काढले आणि सप्टेंबरात ती आली. विमानतळावर मिठी मारून झाल्यावर पहिला प्रश्न, "घर कंपनीचंच ना गं? मध्येच बदललं नाही ना?"

राहण्याचा प्रश्न सुटला, जेवणाचा राहिला. तांदूळ, डाळ, मेतकूट, गूळ हे तिने बरोबर आणले होते. पण दूध, बटाटे, कोबी कुणाच्या पैशाचे? हा पेचही कंपनीनेच सोडवला. आमच्याकडे कँटीन नव्हते, त्याऐवजी दुपारच्या जेवणाची कुपने मिळत. मी डबा नेत असे, त्यामुळे माझी कुपने खणात साठत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई ती बिनबोभाट घेई आणि त्या किमतीचा भाजीपाला देई. आईला हे कळताच ती स्वतः कुपने घेऊन जाऊ लागली. त्या बाईला मराठी येत नव्हते आणि आईचे इंग्रजी पाठ्यपुस्तकातले, तरी दोघींचे चांगले जमले. "आज कोबी शिळा आहे, घेऊ नका म्हणाली," असे आई सांगे, तेव्हा हे त्या कोणत्या भाषेत बोलल्या असतील याचा मी विचार करत राही.

एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिला टॅक्स कोड समजावून सांगितला. तिने पेन्सिल मागून घेतली.

"म्हणजे कंपनीनं घर दिलं की तुझा आकडा उतरतो?"

"हो. घराची किंमत धरतात आणि वजा करतात."

"आणि जेवणाची कुपनं?"

"ती लहान रक्कम असते. त्यांना हात लावत नाहीत."

"बघ," ती म्हणाली, "एवढं मोठं सरकार, पण कुणाच्या ताटातलं मोजू नये हे कळतं त्यांना."

माझा कोड मांडून झाल्यावर तिने नवऱ्याचा मांडला, मग दोन्हींचा पडताळा घेतला. गणित सुटल्यावर ती पेन्सिल कानामागे खोचत असे. ते मी कितीतरी वर्षांनी पाहिले.

ती थंडी तिने चांगली सोसली. नवरा रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिची नाडी बघे आणि पायांवर सूज आहे का ते पाही. "आई, मँचेस्टरात नाडी नीट लागते तुमची. पुण्यात उगाच घाई करत होती," असे तो म्हणे. पायऱ्या नकोत म्हणून तिचे अंथरूण खालच्या खोलीत होते. सहा महिन्यांची परवानगी होती. ती संपण्यापूर्वी कायम राहण्यासाठी अर्ज करायचा होता. मी रोज विचारत असे. जानेवारीच्या शेवटी ती म्हणाली, "बरं, कर तुझे कागद. उन्हाळाही बघू इथला." मी त्याच आठवड्यात अर्जाचा कागद आणून ठेवला.

दरम्यान मी कर-कार्यालयाला एक पत्र लिहिले होते. माझा मुद्दा साधा होता. ज्या घरात कामासाठी राहावेच लागते, त्याला लाभ म्हणता येत नाही. मी भट्टीजवळ राहते ते भट्टीसाठी, तेव्हा घराची किंमत माझ्या कोडमधून वजा करू नये. भट्टीचे वेळापत्रक जोडले, कंपनीचे प्रमाणपत्र जोडले. पत्र चोख होते, आजही मला त्यात दोष दिसत नाही.

उत्तर फेब्रुवारीत आले. ते माझ्या नावाने नव्हते, नवऱ्याच्या नावाने होते. जेवायला बसताना त्याने पाकीट फोडले आणि तो हसू लागला. आई भात वाढत होती. तिच्यासमोर मी त्याला "अहो" म्हणत असे, एरवी "तू".

"हे बघ गंमत! पत्र तू लिहिलंस आणि उत्तर मला. 'प्रिय महोदय, आपल्या पत्नीच्या पत्राच्या संदर्भात...'"

"अहो, पण मला का नाही?"

"कारण तुझं उत्पन्न ते माझं उत्पन्न. घराचा लाभसुद्धा माझ्याच उत्पन्नात धरतात म्हणे. घाम गाळायला तू, मालक मी!" मग तो आईकडे वळला. दिवसभराचा दमलेला, पण खुशीत होता. "काय आई, ऐकलंत का? सरकारी शिक्का बसला. इतके महिने तुम्ही जावयाच्या घरी जेवताय. आता आमटीत मीठ जास्त झालं की मी बोलणार हं!"

आईच्या हातातला डाव थांबला.

"तसं लिहिलंय?"

"अहो आई, थट्टा केली मी."

"तुम्ही थट्टा केलीत ते कळलं मला. सरकार करत नाही ना?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू वाच गं. शब्द न् शब्द सांग."

मी वाचले आणि मराठीत सांगितले. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न कराच्या दृष्टीने तिच्या पतीचे उत्पन्न मानले जाते. तिला नोकरीमुळे मिळणारे लाभही त्यात येतात. म्हणून पत्रव्यवहार पतीशीच होईल. वाचताना मला त्या कागदाचा इतका राग आला होता की माझा आवाज चढला.

"बरं," आई म्हणाली. तिने त्याच्या पानात भात वाढला, त्यावर तूप घातले, मग स्वतःच्या पानावर बसून पानातले सगळे संपवले. टाकले काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारले, "परतीच्या तिकिटावर तारीख कधीची मिळेल?"

मी कामावर गेलेच नाही. मुद्दे मांडायची माझी पद्धत आहे, ते मी एकामागून एक मांडले. हा फक्त कर मोजण्यापुरता हिशोब आहे. घराच्या करारावर माझी सही आहे. तू खातेस ते कुपनांचे, आणि कुपने कुणाच्याच उत्पन्नात धरत नाहीत.

आईने सगळे ऐकले. "नुसता हिशोब असेल, तर काल तुला एवढा राग का आला?"

मी ते पत्र घडी घालून पाकिटात ठेवले.

"तुझा राग खरा, आणि मला लागलं ते मात्र खोटं, असं कसं चालेल बाळ?"

"त्याला तसं म्हणायचं नव्हतं, आई."

"माहीत आहे. माझ्या आईच्या पानाशी जे बोलत, त्यांनाही पहिल्यांदा तसं म्हणायचं नसेल. गमतीनंच सुरू झालं असेल."

संध्याकाळी नवरा तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आई, चुकलं माझं. परत असं बोलणार नाही."

"तुमचं काही चुकलं नाही, जावईबापू. तुम्ही सोन्यासारखे आहात. चांगल्या माणसाच्या घरातून सगळं चांगलं आहे तोवर निघावं."

"मग कंपनीचं घर म्हणून राहा ना. कालपर्यंत होतंच की."

"कालपर्यंत मला माहीत नव्हतं."

पुढचे काही दिवस त्याने स्वतः नियम चाळले, ज्याला आजवर कोड म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते त्याने. एक तरतूद नव्यानेच आली होती. नवरा-बायको दोघांनी मिळून अर्ज केला, तर बायकोच्या कमाईवर वेगळा, ती अविवाहित असल्यासारखा कर लागतो. मात्र नवऱ्याला विवाहित पुरुषाची सवलत सोडावी लागते. आमच्या उत्पन्नाला हे तोट्याचे होते. मी मांडून दाखवले. तो म्हणाला, "असू दे तोट्याचं. सही कुठे करू?"

आम्ही सह्या केल्या. नवे करवर्ष एप्रिलपासून, आईची मुदत मार्चपर्यंत. मी तिला थांबण्याची गळ घातली. ती म्हणाली, "ते होऊ दे आधी. मग लिही मला." कायमच्या वास्तव्याचा कागद तसाच कोरा राहिला.

निघताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईला गुळाची ढेप दिली. त्या बाईने तिला हातांनी विणलेले मोजे दिले. विमानतळावर नवऱ्याने औषधांची यादी तिसऱ्यांदा समजावून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचं." ती हसली. "थांबेन हो. घाई आहे कुठे आता."

एप्रिलमध्ये नवे पाकीट आले. वर माझे नाव, आत 'प्रिय महोदया'. उघडले, तर माझ्या कोडमध्ये एकाही आकड्याचा फरक नव्हता. कमावत्या बायकोची सवलत आणि एकट्या स्त्रीची सवलत सारखीच असते. घर पूर्वीसारखेच वजा केलेले होते, माझा भट्टीचा मुद्दा त्यांनी मानला नव्हता. खाली आला होता तो नवऱ्याचा कोड, आणि त्याच्यामागचे अक्षर बदलले होते. एवढ्यासाठी एवढे केले, असे कुणी म्हणेल. पण ते पाकीट मी प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वाचले. मी या देशात आल्यापासून माझ्या कमाईबद्दल माझ्याशी कुणी पहिल्यांदाच बोलत होते.

त्याच दिवशी मी आईला चार पाने लिहिली. सिद्धता मांडावी तशी पायरीपायरीने. कायद्याने माझे उत्पन्न आता माझे आहे. घराचा लाभ माझ्या उत्पन्नात धरला आहे. जावयाचा त्याच्याशी काहीही संबंध उरलेला नाही. तेव्हा तू ये.

उत्तराला तीन आठवडे लागले. निळ्या हवाई पत्रावर तिचे फळ्यावरच्यासारखे सरळ अक्षर.

"तुझ्या नावानं पत्र आलं हे वाचून फार आनंद झाला. पुतण्याला पेढे आणायला लावले आणि तिन्ही मजल्यांवर वाटले. सिद्धता तपासली, बरोबर आहे. पण बाळ, मी आले होते ते ते घर आपल्यापैकी कुणाचंच नव्हतं म्हणून. आता ते तुझं आहे असं तूच सिद्ध करून दिलंस. लेकीच्या घरी मी कशी राहू? राग मानू नकोस. जावईबापूंना मेतकूट पाठवते आहे. भट्टी कशी आहे?"

ते पत्र मी अनेकदा वाचले. तिच्या तर्कात फट शोधत होते. गृहीतक मान्य केले तर फट नव्हती, आणि गृहीतक तिने लहानपणी दाराआडून उचलले होते, तिथवर माझा हात पोहोचत नव्हता. नवऱ्याने पत्र वाचले आणि तो बागेत जाऊन उभा राहिला. पाऊस पडत होता.

तरीही मी एक शेवटची सूट मांडून पाहिली. तू खालच्या खोलीचे भाडे कंपनीला दे, लिहून घेऊन दे. मग तू कंपनीची भाडेकरू, आमची कुणी नाहीस. कर्मचारी विभागातल्या त्या गृहस्थांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या आई तुम्हालाच का नाही देत?" तरी नियमांत बसवू म्हणाले. मी आईला कळवले. तिने लिहिले, "यावर विचार करते आहे. चुकीचं वाटत नाही."

हे तिचे शेवटचे पत्र. पावसाळ्यानंतर पुतण्याची तार आली. भाजी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्यावर ती टेकली आणि उठली नाही. मी विमानाची तिकिटे मिळवेपर्यंत तिकडे सगळे उरकले होते. नवरा एवढेच म्हणाला, "इथे असत्या तर..." तेव्हापासून त्याने ते वाक्य कधीच पुरे केले नाही, आणि मीही त्याला करायला लावले नाही.

मला रजा हवी होती. कंपनीत जवळचे माणूस गेल्यावर पगारी रजा मिळते, आणि तिचेही नियम आहेत. गेलेली व्यक्ती कर्मचाऱ्याच्या घरात राहत असेल तर रजा जास्त, नसेल तर कमी. कर्मचारी विभागातली मुलगी नवी होती, मला ओळखत नव्हती. तिने हळू आवाजात दुःख व्यक्त केले, मला बसायला सांगितले, पाण्याचा पेला पुढे केला. मग कागद ओढून घेत विचारले, "आई तुमच्याच घरी राहत होत्या का?"

माझ्या मनात अनेक उत्तरे आली, आणि त्यांतले प्रत्येक मला नियमांनिशी मांडता आले असते.

"नाही," मी म्हटले. तिने एका चौकोनात खूण केली आणि मला कमी दिवसांची रजा दिली.